डाव्या पायाचा कबुलीजबाब

मल्लय्या मिस्त्री, तुम्हांला जाऊन आज अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत मी तुम्हांला उद्देशून सहा कागद लिहिले आणि सहाही फाडले. प्रत्येक कागदात चौथ्या-पाचव्या ओळीशी 'तथापि' हा शब्द येई आणि तेथून पुढे मजकूर माझीच बाजू मांडू लागे. हा सातवा कागद आहे. यात तो शब्द येणार नाही, एवढी खबरदारी मी घेतली आहे.

तुमच्या हयातीत मी तुम्हांला तीन नोटिसा पाठविल्या. तुम्ही एकीचेही लेखी उत्तर दिले नाही. प्रत्येक वेळी स्वतः आलात, आमच्या ओसरीच्या पायरीवर बसलात आणि म्हणालात, "आता काय झालं की, वकीलसाब?" मला त्याचा राग येई. लेखी आरोपाला तोंडी उत्तर देणारा प्रतिपक्ष कोणत्याही वकिलाला नकोसा वाटतो. आज मात्र वाटते, पायरीवर बसून कोणी तेवढे विचारावे.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातून कायद्याचे पुस्तक काढले. घरात दुःख झाले की लोक पोथी काढतात. मी ते काढले. जे पाहायचे होते ते मला पाठ होते, तरी पाहिले. ज्याची अब्रू घेतली तो मनुष्य मयत झाला की त्याचा अब्रुनुकसानीचा दावाही त्याच्याबरोबर संपतो. त्याच्या वारसांना तो चालविता येत नाही. कोणाची भिंत पाडली, विहीर बुजविली, तर मुलेबाळे, भाऊबंद भांडू शकतात. नाव बुडविले तर नाही. म्हणजे अकरा दिवसांपासून मी कायद्याने मोकळा आहे. चाळीस वर्षे मी या कायद्याची चाकरी केली. त्याचा असा संताप मला कधी आला नव्हता. मला अशा रीतीने सुटायचे नाही.

म्हणून हा कागद मी त्याच साप्ताहिकाकडे पाठवीत आहे, ज्यात तीन वर्षांपूर्वी तुमच्याविरुद्ध माझे पत्र छापून आले होते.

आपली ओळख एका हिसक्याने झाली. वकिली सोडल्यावर मी एका कापूसवाल्या व्यापाऱ्याकडून त्याची जुनी मोटार घेतली. एकामागून एक तीन ड्रायव्हर ठेवले, तिघांनाही लेखी समज देऊन घालविले आणि शेवटी स्वतःच चालवायला शिकलो. गाडीला एक खोड होती. डाव्या पायाखालचे क्लचचे पेडल सोडू लागले की ती हळूहळू निघण्याऐवजी एकदम झेप घेई. एकदा देवळाहून परतताना तिने अशी उडी मारली की आमच्या कुटुंबाच्या मांडीवरची फुलांची परडी पुढच्या काचेवर जाऊन आदळली. मी घरी येऊन व्यापाऱ्यास नोटीस लिहावयास बसलो. कुटुंब म्हणाले, "नोटीस वाचून गाडी सुधारणार आहे का? साखर पेठेत कोणी मल्लय्या आहे म्हणे, गिरणीत होता. त्याला बोलवा."

तुम्ही आलात. गाडीच्या तळाच्या फळ्या काढल्यात, हात आत घातलात, बोट नाकाशी नेऊन वास घेतलात आणि विचारलेत, "एरंडेल हाय का घरात?"

"कोणाचे पोट बिघडले?" कुटुंबाने आतून विचारले.

"मोटारीचं, अम्मा. लई कोरड पडलीया."

मग तुम्ही मला समजावून सांगितलेत, आणि इतके सोपे स्पष्टीकरण मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून क्वचितच ऐकले आहे. दोन वाट्या आहेत. मोठी वाटी इंजिनाबरोबर फिरते, लहान वाटी गाडीच्या चाकांना फिरविते. लहान वाटीच्या बाहेरून कातड्याची पट्टी जडविलेली असते. पेडल सोडले की लहान वाटी मोठीत जाऊन घट्ट बसते आणि दोघी एकत्र फिरतात. पेडल दाबले की सुटते. सगळा भार त्या कातड्यावर. ते कोरडे पडले की एकदम पकड घेते आणि गाडी उडी मारते. त्याला तेल जास्त झाले की ते घसरते. इंजिन ओरडत राहते आणि गाडी जागची हलत नाही.

"घसरले तर काय करायचे?" मी विचारले.

"मुलतानी माती भुरभुरायची. अम्मांकडं असंल की, न्हाणीत."

"मोटारीचे लग्न ठरले आहे का?" कुटुंब म्हणाले, पण मातीचा डबा बाहेर आला.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी तुम्ही येत असा. पेडल दाबून धरण्यासाठी तुम्ही बाभळीचा एक ठोकळा करून आणला होता. तो लावला की दोन वाट्यांमध्ये फट पडे, आणि त्या फटीतून तुम्ही कोंबडीच्या पिसाने कातड्याला एरंडेल लावीत असा. चमच्याने नाही, पिसाने. चमचा म्हणजे ओतणे, पीस म्हणजे पाजणे, असे तुम्ही म्हणत असा. गिरणीत तुम्ही यंत्रांच्या मोठ्या कातडी पट्ट्यांची निगा राखण्यात वीस वर्षे घालविली होती. पट्ट्यावर हात ठेवून तो उद्या तुटेल की महिन्याने, हे तुम्ही सांगत असा, असे गिरणीतले लोक आजही म्हणतात. मी खुर्ची टाकून शेजारी बसे आणि तुमच्या प्रत्येक कृतीवर हरकत घेई. तेल आधी का, माती आधी का नाही? पीस कोंबडीचेच का? तुम्ही कधी उत्तर देत असा, कधी नुसते हसत असा. "वकीलसाब, तुमी हितं बसून बोलता ते बरं हाय. कातड्याला करमतं," असे एकदा म्हणाला होतात.

काम झाल्यावर तुम्हांला चहा मिळे. तो वेगळ्या कपातून मिळे, हेही येथे लिहितो. तो कप ओसरीच्या कोनाड्यात राही आणि तुम्ही तो स्वतः विसळून जागेवर ठेवीत असा. तुम्ही कातड्याला हात लावता, हे कारण आम्ही आपसात दिले होते; परंतु त्या कातड्याच्या जोरावर फिरणाऱ्या मोटारीत आम्ही देवळात जात होतो. कबुलीजबाबात सोयीची पाने ठेवून बाकीची गाळता येत नाहीत. गेल्या वर्षी कुटुंबाने एका रविवारी तो कप न बोलता आत नेला आणि चहा घरातल्या कपातून आणला. तुम्ही कपाकडे पाहिलेत, मग तिच्याकडे पाहिलेत, आणि चहा नेहमीपेक्षा सावकाश घेतलात. मी वर्तमानपत्र वाचीत असल्याचा बहाणा केला.

दुसऱ्या वर्षी जुने कातडे झिजून संपले आणि नवे घालावे लागले. ते दोन दिवस माझ्या आयुष्यातील सुखाच्या दिवसांपैकी आहेत; त्या वेळी मला ते कळले नाही. तुम्ही गिअरबॉक्स सोडवून मागे सरकविलात, लहान वाटी बाहेर काढलीत आणि आमच्या लिंबाखाली पोत्यावर ठेवलीत. कातडे गिरणीच्या पट्ट्याचेच होते, पण कोरे. पुण्याहून आलेल्या गुंडाळीतून तुम्ही ते माझ्यासमोर कापलेत. मला वाटले होते, सरळ पट्टी कापून गुंडाळायची. तुम्ही आधी कागद गुंडाळून पाहिलात, तो उलगडून दाखविलात. तो अर्धचंद्रासारखा वाकडा निघाला. "वाटी निमुळती हाय की. सरळ पट्टी एका अंगानं ताणंल, दुसऱ्या अंगानं चुरगळंल." ते कातडे दिवसभर एरंडेलात पडून होते. दुसऱ्या दिवशी ते तुम्ही वाटीवर ताणून तांब्याच्या रिबिटांनी ठोकलेत आणि प्रत्येक रिबिटीचे डोके कातड्याच्या पृष्ठभागाखाली दाबलेत, मोठ्या वाटीला ते घासू नये म्हणून. मग डोळे मिटून बोट फिरविलेत. एका जागी थांबलात, ती रिबिट काढलीत, पुन्हा ठोकलीत. ती चूक मला दिसली नव्हती, बोटालाही लागली नव्हती.

आणि मी काय केले? कातडे नवे असून ते दोन वर्षे टिकेल, असे हमीपत्र लिहून तुमच्यापुढे ठेवले. तुम्ही ते वाचून घेतलेत. मराठी तुम्ही सावकाश वाचीत असा.

"यात कातडं लिवलंय," तुम्ही म्हणालात. "पाय न्हाय लिवला."

"कोणाचा पाय?"

"चालवणाऱ्याचा."

"हा करार कातड्याविषयी आहे," मी म्हणालो. तुम्ही तेलुगूत सही केलीत.

चार महिन्यांनी, वळसंगला माझ्या मेहुण्याकडे जाऊन परत येत असता, एका लहानशा चढावर गाडीतून धूर निघाला. इंजिन भरधाव, गाडी उभी. जळक्या कातड्याचा असा वास सुटला की कुटुंबाने पदर नाकाला लावला तो घरी येईपर्यंत काढला नाही. शेवटी एका शेतकऱ्याने बैल जुंपून आम्हांला सोलापुरात आणले. वाटेत लोक थांबून पाहत होते. तो शेतकरी मधून मधून मागे वळून माझे सांत्वन करी. "बैल बरा बगा, वकीलसाब. त्याचं बी कातडंच हाय, पर जळत न्हाय."

मी घरी पोचलो, हातपाय धुतले नाहीत, आणि लिहावयास बसलो. तुम्हांला न विचारता, गाडी उघडून न पाहता. साप्ताहिकास जे पत्र धाडले त्यात तुमचे नाव नव्हते. 'साखर पेठेतील, पूर्वी गिरणीत असलेला एक मोटार-कारागीर, गिरणीचे टाकाऊ पट्टे नवे म्हणून मोटारीत घालतो. मालकांनी सावध असावे,' एवढेच होते. साखर पेठेत असा कारागीर एकच होता. नाव गाळले तर दावा सिद्ध करणे जड जाते, आणि ओळख मात्र प्रत्येकाला पटते, हे मला चाळीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. लोक म्हणतील, वकील रागात लिहून गेला. तसे नाही. राग होताच, परंतु नाव मी शांतपणे, विचार करून गाळले. सगळ्या पत्रातील अत्यंत काळजीपूर्वक केलेली गोष्ट तीच होती.

पत्र छापून आल्यावर गावातल्या मोटारी तुमच्याकडे येईनाशा झाल्या. आमच्या भागातील डॉक्टरांची गाडी तुम्हीच पाहत होता. तीही बंद झाली. महिनाभरात तुमच्या दारात शिवणयंत्रे आणि सायकली दिसू लागल्या.

पत्र छापून आल्याच्या पाचव्या दिवशी तुम्ही आलात. गाडी खोललीत, जळलेले कातडे काढलेत आणि पायरीवर फडक्यात पसरलेत. मी उभा होतो, तुम्ही बसला होता.

"बगा, वकीलसाब. जुनं असतं तर कुटं तरी फाटलं असतं, एक जागा आधी गेली असती. हे चहूकडनं सारखं भाजलंय. रिबिटांची डोकी अजून आत हायत."

"मग जळले कशाने?"

"तुमचा डावा बूट दावा," तुम्ही म्हणालात.

मी बूट काढून दिला. त्याच्या तळव्याच्या पुढच्या भागात कातडे झिजून गुळगुळीत झाले होते. उजव्या बुटाला तसे काही नव्हते. तुम्ही एका हातात बूट धरलात, दुसऱ्यात क्लचचे कातडे. दोन्ही सारखेच चकाकत होते.

"पाय पेडलवर बसून ऱ्हातो तुमचा. दाबत न्हाय, सोडत बी न्हाय. वाटी पुरती बसत न्हाय, अर्धी घसरती. कोसभर, दोन कोस. मग जळती."

"हा परिस्थितिजन्य पुरावा आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा उच्चारले असेल. त्या दिवसाइतके लाजिरवाणे कधीच नाही. वास्तविक त्याच क्षणी मला आठवत होते की गाडी चालविताना माझा डावा पाय नेहमी पेडलवरच असतो. समोर बैलगाडी येईल, शेळी येईल, कोणी मूर्ख मध्ये येईल, म्हणून मी तयारीत असतो. कोर्टातही मी असाच बसत असे, खुर्चीच्या कडेवर, प्रतिपक्षाने तोंड उघडण्याआधी हरकत घेण्यासाठी.

तुम्ही वाद घातला नाहीत. "उद्या आमच्या घरी या," एवढेच म्हणालात.

मी आलो तो तुम्हांला खोटे पाडावयाचे म्हणूनच. तुमच्या धाकट्या भावाचा, लक्ष्मय्यांचा, जमिनीत खड्डा करून बसविलेला हातमाग होता. तुम्ही मला त्या खड्ड्याच्या काठावर बसविलेत, पाय आत सोडायला सांगितलेत. एवढा जाडजूड, टोपी घातलेला वकील खड्ड्यात पाय सोडून बसलेला पाहून तुमच्या घरातल्या बायका आत पळाल्या. हसू बाहेर ऐकू आले. पायांखाली दोन फळ्या होत्या. एक दाबली की ताण्याचे निम्मे धागे वर, निम्मे खाली. मधल्या फटीतून धोटा पलीकडे जातो. मग ती सोडायची आणि दुसरी दाबायची. लक्ष्मय्यांनी दोनदा करून दाखविले. मी दाबले, धोटा टाकला, आणि तो मधेच अडकून दोन धागे तुटले. पुन्हा टाकला, तीन तुटले.

"पहिली फळी सोडली न्हाय तुमी," तुम्ही म्हणालात.

"सोडली."

"दाबली न्हाय. पर सोडली बी न्हाय. पाय टेकून ऱ्हायलाय, त्यानं फट अर्धीच उघडती."

लक्ष्मय्या तेलुगूत काहीतरी म्हणाले आणि आतला हशा वाढला. मी भाषांतर मागितले. तुम्ही टाळत होता. मी आग्रह धरला, म्हणालो की माझ्या समक्ष माझ्याविषयी बोललेले मला कळण्याचा मला हक्क आहे.

"तो म्हणतो," तुम्ही खाली पाहून म्हणालात, "हा पाय मालक हाय. काम करत न्हाय, पर खुर्ची सोडत न्हाय."

मी खाली पाहिले. त्या खड्ड्यातल्या अंधुक उजेडात माझा डावा पाय फळीवर निवांत बसलेला होता. मी त्याला बसायला सांगितले नव्हते. मिस्त्री, त्या क्षणी निकाल लागला. माझ्याविरुद्ध, खर्चासह. लक्ष्मय्या तुटलेले धागे एकेक करून जोडीत होते आणि मी तेथे बसून होतो. 'माझी चूक झाली,' या तीन शब्दांना तेव्हा जागाही होती आणि वेळही. मी उठलो, धोतर झटकले आणि म्हणालो, "विचार करतो."

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही नवे कातडे बसविलेत. हमीपत्र मी मागितले नाही. पहिल्या दिवशी तुम्ही शेजारी बसलात आणि गाडी चालली की बोटाने माझ्या डाव्या गुडघ्याला स्पर्श करीत राहिलात. बोलला नाहीत. पाय पेडलवरून उचलायचा आणि खाली फळीवर ठेवायचा. काम पडले तर परत न्यायचा, काम झाले की परत उचलायचा. साठी उलटलेल्या माणसाला एवढे शिकायला दीड महिना लागला. ते कातडे आजही गाडीत आहे.

पत्र मागे घ्यायचे मी ठरविले होते. खरेच ठरविले होते. मसुदा लिहीत असे. परंतु प्रत्येक मसुद्यात, खेदाच्या आधी, मी कोणत्या परिस्थितीत कोणत्या समजुतीने लिहिले, हे सविस्तर येई. ते वाचून असे वाटे की अन्याय माझ्यावरच झाला असावा. मी खोडत असे, पुन्हा लिहीत असे. एका रविवारी तेल लावता लावता तुम्ही विचारलेत, "तो कागद झाला का, वकीलसाब?"

"भाषा नीट बसत नाही."

"माझं कातडं दोन दिसांत बसतं," तुम्ही गाडीखालून म्हणालात. "तुमचा कागद लई दिस घेतो."

त्यानंतर तुम्ही कधी विचारले नाही. तीन वर्षे विचारले नाही. मी मात्र या तीन वर्षांत नगरपालिकेस, रेल्वेस, टपाल खात्यास इतकी पत्रे धाडली की टपालवाला ती माझ्या हातून कपाळाला आठ्या घालून घेई. त्या सगळ्यांना भाषा बसत होती.

आता शेवटच्या दिवसाविषयी.

तुमचा ताप उतरत नाही, असे लक्ष्मय्यांनी येऊन सांगितले. मी डॉक्टरांना गाडीत घातले आणि भर दुपारी साखर पेठेत आणले. मसुदा खिशात होता. गल्ली अरुंद, चढाची, बायका दारात भांडी घासत बसलेल्या. मी गाडी सावकाश आणली. आत आलो तेव्हा तुम्ही डोळे मिटून पडला होता. डोळे न उघडता म्हणालात, "पाय उचलला होता."

"कोणाचा?" डॉक्टरांनी विचारले. त्यांना वाटले, ताप डोक्यात गेला.

तुम्ही गाडी नुसती ऐकली होती. आमच्या लग्नातल्या भटजींच्या आशीर्वादांपेक्षाही ते तीन शब्द मला मोठे वाटले. मी तुमच्या उशाशी बसलो.

डॉक्टरांनी छाती तपासली. मग गळ्यातली नळी काढता काढता, इकडचे तिकडचे बोलावे तसे, मला म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही मागे साप्ताहिकात लिहिले होते, जुने पट्टे घालणारा कारागीर म्हणून, नाव न देता; मी यांनाच समजलो. ते हेच ना?"

खोलीत लक्ष्मय्या होते. दारात तुमच्या पत्नी नरसम्मा होत्या. खिशात कागद होता. त्या पत्रावर विश्वास ठेवून ज्यांनी तुम्हांला टाकले, त्यांच्यापैकी एक गृहस्थ समोर बसून स्वतः मला विचारीत होते. यापेक्षा सोपी संधी कोणत्याही गुन्हेगारास मिळाली नसेल. आणि मी, ज्याने समोरच्याला गप्प बसू देणे कधी मान्य केले नाही, तो गप्प बसलो. मी डॉक्टरांच्या पेटीच्या कडीकडे पाहत राहिलो.

तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडे पाहिलेत, रागाने नव्हे. मला काय होत आहे ते तुम्हांला बूट न पाहताही कळले.

"तो दुसरा होता, डॉक्टरसाब," तुम्ही म्हणालात. "गेला तो गाव सोडून."

डॉक्टर मान हलवून औषध लिहू लागले. लक्ष्मय्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मग भिंतीकडे. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात.

मिस्त्री, मी तुमच्यावर रागावलो आहे. अंगात ताप असताना, माझी अब्रू राखण्यासाठी, तुम्ही खोटी साक्ष दिलीत. तुमच्याकडे बाजू होती, पुरावा होता, साक्षीदार होते आणि प्रतिवादी समोर हजर होता. आणि तुम्ही प्रतिवादीला सोडून दिलेत. असा अधिकार तुम्हांला कोणी दिला? मी तुमच्याशी यावर भांडलो असतो. रविवारी सकाळी, लिंबाखाली, तुम्ही पीस तेलात बुडवीत असता, मी यावर निदान तीन रविवार भांडलो असतो, आणि तुम्ही शेवटी म्हणाला असता, "बरं की, वकीलसाब, चुकलं माझं," आणि मला काही म्हणता आले नसते. ते भांडण माझ्याकडे राहून गेले.

तुमची साक्ष मी येथे खोडून काढतो. तो दुसरा नव्हता. माझ्या पत्रातील कारागीर म्हणजे साखर पेठेतील मल्लय्या मिस्त्री. त्यांनी माझ्या मोटारीत घातलेले कातडे कोरे होते. माझ्यादेखत कापले होते. ते जळाले ते माझ्या डाव्या पायामुळे. मी पत्र लिहिले तेव्हा चौकशी केली नव्हती, आणि चूक कळल्यानंतर तीन वर्षे ती दडवून ठेवली. माझे ते पत्र खोटे होते. संपादकांना विनंती आहे की हा मजकूर ते पत्र ज्या पानावर, ज्या जागी आले होते तेथेच छापावा, आणि नाव गाळू नये.

हा कागद टपालात टाकण्यापूर्वी काल सकाळी मी डॉक्टरांकडे गेलो. छापून आल्यावर त्यांनी वाचावे, हे मला पुरेसे वाटेना; ज्या माणसाच्या प्रश्नावर मी गप्प बसलो त्याला तोंडाने उत्तर देणे बाकी होते. ते बाहेर निघण्याच्या तयारीत होते. त्यांच्या अंगणातच, उन्हात, मी त्यांना सगळे सांगितले. बुटापासून, खड्ड्यापासून, खिशातल्या कागदापर्यंत. या वेळी तोंडीच. त्यांनी मध्ये एकदाही मला अडविले नाही. सांगून झाल्यावर त्यांनी पेटी गाडीच्या पायरीवर ठेवली आणि बराच वेळ बॉनेटवरची धूळ बोटाने पुसत राहिले.

"वर्ष झाले," ते म्हणाले, "माझी गाडी चढावर धरत नाही. पुण्याला दोनदा पाठविली. तुमच्या पत्रामुळे त्यांच्याकडे नेली नाही. त्या दिवशी त्यांच्या खोलीत होतो तेव्हाही मनात आले होते, बरे झाले की विचारू." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आता मी ती कोणाकडे नेऊ, वकीलसाहेब?"